विलंब माफीच्या अर्जात 'प्रदीर्घ' लिहून भागत नाही

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडते, म्हणजे काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. आजोबांच्या जमिनीवर २००९ साली एकट्या चुलत्यांच्या नावाचा फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली हक्कबदलाची नोंद, मंजूर झाला. तुमचे वडील २०१० पासून आजारी होते, २०१६ ला वारले. तुम्ही नोकरीनिमित्त चाकणला. ऑगस्ट २०२४ मध्ये कर्जासाठी सातबारा काढला, तेव्हा त्यावर आपलं नावच नसल्याचं दिसलं. मग प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील केलंत आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दिलात. अर्जात एकच वाक्य आहे : 'वडिलांच्या प्रदीर्घ आजारपणामुळे विलंब झाला.' चुलत्यांच्या वकिलांनी म्हणणं दिलंय : 'अपील मुदतबाह्य असून अर्जदाराची दिरंगाई हेतुपुरस्सर व अक्षम्य आहे.' तुम्ही विचारता, विलंब, दिरंगाई, मुदतबाह्य हे सगळं एकच ना? जास्तीत जास्त किती वर्षांचा विलंब माफ होतो? आणि आमचा हा अर्जच वर्षभर पडून आहे, त्याला काय म्हणायचं?

मी २७ वर्षं तालुका कोर्टात आणि महसूल कचेऱ्यांत वकिली करते आहे. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे 'तुमचा अर्ज मंजूर होईल' किंवा 'होणार नाही' असं काही सांगणार नाही. पण हे तीन शब्द एक नाहीत. तुमची अडचण अर्ध्याहून जास्त त्या गोंधळातूनच आलेली दिसते.

'मुदतबाह्य' हा हिशेबाचा शब्द आहे. त्यात कुणावर आरोप नाही. कायद्यानं काही दिवस दिले, ते संपले, विषय मुदतीबाहेर गेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाला ६० दिवस असतात. हे ६० दिवस आदेश अपीलकर्त्याला मिळाल्यापासून मोजायचे, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. ही गोष्ट इतके लोक विसरतात की काय सांगू. फेरफाराची नोंद घेताना तलाठ्यानं चावडीवर ती लावायची असते आणि हितसंबंध असलेल्यांना लेखी कळवायचं असतं (कलम १५०). तुमच्या वडिलांना ती नोटीस मिळाली का? मिळाली असेल तर पोच कुठे आहे, सही कुणाची आहे? फेरफाराच्या मूळ प्रकरणाची नक्कल काढल्याशिवाय तुमचा विलंब १५ वर्षांचा आहे की काही महिन्यांचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. नोटीस बजावलीच नसेल, तर अर्जात आधी लिहायचं की विलंब झालेलाच नाही. आणि झाला असं मत पडलंच, तर तो माफ व्हावा. हा पर्यायी पवित्रा रोजच्या कामातला आहे, त्यात काही लबाडी नाही.

हिशेबाची गंमत एका उदाहरणानं दाखवते. दिवाणी न्यायाधीशांचा हुकूमनामा १२ जानेवारी २०२३ चा. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही, म्हणून मुदत ११ फेब्रुवारीला संपते. पण पक्षकारानं २० जानेवारीला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल १४ फेब्रुवारीला तयार झाली. हे दोन्ही दिवस धरून २६ दिवस होतात आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे ते वगळायचे. म्हणजे शेवटचा दिवस ९ मार्च. आता ९ मार्चला येऊन '२६ दिवसांचा विलंब माफ व्हावा' असा अर्ज टाकणारे मी पाहिले आहेत! न झालेला विलंब कबूल करायचा आणि वर माफी मागायची. नकलेच्या मागच्या पानावर शिक्का असतो : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. माझ्या ज्युनिअरना मी सांगते, निकाल नंतर वाचा, आधी ते पान उलटा.

महिना आणि दिवस हेही एक नाहीत. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला कायद्यात 'तीन महिने' आहेत. ९० दिवस नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली हिमाचल टेक्नो इंजिनिअर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आणि महिना इंग्रजी कॅलेंडरचा. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात यासाठी एक उदाहरणच छापलेलं होतं : एखाद्या हिंदूनं नुसती देशी तिथी घालून चार महिन्यांच्या वायद्याची वचनचिठ्ठी लिहून दिली, तरी ते चार महिने ग्रेगरियन कॅलेंडरनंच मोजायचे. अधिक महिना आला तर सावकार कुठला महिना धरायचा, ही भांडणं किती झाली असतील याची कल्पना करा.

मुदत संपल्यावर जे दिवस जातात, तो 'विलंब'. हा शब्दही तसा तटस्थ आहे. गाडीला होतो, पावसाला होतो, अपिलाला होतो. 'दिरंगाई' मात्र आरोप करते. फारसी 'दिरंग' म्हणजे नुसता उशीर. पण मराठीत येईपर्यंत त्याला आळस आणि बेफिकिरी चिकटली. राज्यानं २००५ साली बदल्यांचा कायदा केला, त्याच्या लांबलचक नावात 'विलंबास प्रतिबंध' असे शब्द आहेत. लोक त्याला काय म्हणतात? दफ्तर दिरंगाईचा कायदा. फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये, असं त्यात आहे. कायद्यानं सौम्य शब्द घेतला, लोकांनी आपला अनुभव घातला.

तेव्हा चुलत्यांच्या वकिलांनी 'दिरंगाई' लिहिलं ते उगाच नाही. विलंब हा दिवसांचा आकडा, तो कागदांवरून मोजून काढता येतो. दिरंगाई हा तुमच्या वागण्यावरचा शेरा, आणि वाद तिथेच आहे. तुमच्याच प्रतिउत्तरात 'झालेली दिरंगाई माफ करावी' असं लिहून बसू नका. असे अर्ज मी स्वतः पाहिले आहेत. पक्षकारानं सही करून स्वतःवरचा आरोप मान्य केलेला!

आता किती वर्षं माफ होतात त्याबद्दल. याला आकडा नाही, आणि हे टाळाटाळीचं उत्तर नाही. तीन प्रकरणं शेजारी ठेवा. अनंतनागच्या कलेक्टरांच्या प्रकरणात (१९८७) विलंब होता चार दिवसांचा. उच्च न्यायालयानं तो माफ केला नव्हता, सर्वोच्च न्यायालयानं केला. 'प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या' हे तत्त्व पोथीनिष्ठपणे लावू नका, असं लावलं तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक क्षणाचा खुलासा का मागत नाही, असं न्यायालयानं विचारलं. एन. बालकृष्णन (१९९८) मध्ये ८८३ दिवस होते, ते माफ झाले. लांबी महत्त्वाची नाही, खुलासा पटतो का ते महत्त्वाचं, असं तिथे म्हटलं. आणि लिव्हिंग मीडिया (२०१२) मध्ये टपाल खात्याला ४२७ दिवस माफ झाले नाहीत. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली एवढंच कारण होतं, आणि सरकार म्हणून वेगळी फूटपट्टी मिळणार नाही असं सुनावलं गेलं. त्याच वर्षी मणिबेन शहा यांच्या प्रकरणात मुंबई महापालिकेला सात वर्षांहून अधिक विलंबाची उच्च न्यायालयानं दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. ८८३ बसले, ४२७ बसले नाहीत.

कायद्याचा शब्द आहे 'पुरेसे कारण'. महसूल अपिलात तो कलम २५१ मध्ये आहे, दिवाणीत मुदत अधिनियमाच्या कलम ५ मध्ये. पुरेसं म्हणजे किती, हे लिहून ठेवलेलं नाही. माझ्या अनुभवात अधिकारी किंवा न्यायाधीश मनात तीन गोष्टी पाहतात : कारण खरं आहे का, ते सगळा काळ व्यापतं का, आणि दरम्यान समोरच्यानं त्या जमिनीवर काय काय करून ठेवलं. पहिली दोन तुमच्या हातात असतात. तिसरी नसते. चुलत्यांनी २०१८ ला विहीर पाडली असेल, कर्ज काढलं असेल, एखादा तुकडा विकला असेल, तर तुमचं कारण खरं असूनही तराजू हलतो. कधी कधी खर्च बसवून माफ करतात. दोन-पाच हजार समोरच्याला देऊन अपील दाखल होतं. तो खर्च आनंदानं भरावा.

'प्रदीर्घ आजारपण' या शब्दांचं माझं एक जुनं दुखणं आहे. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एका शेतकऱ्याचा अर्ज लिहिला : 'अर्जदार हे प्रदीर्घ आजाराने अंथरुणास खिळून होते.' सोबत डॉक्टरांचा दाखला, १४ मार्च ते २ जून सक्तीची विश्रांती. दाखल्यावर सगळं एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं. मला काही खटकलं नाही. उलटतपासात समोरच्या वकिलांनी दूध संस्थेच्या वार्षिक सभेचं हजेरी-पुस्तक काढलं. मे महिन्यातली सभा, त्यात आमच्या पक्षकाराची झोकदार सही. 'अंथरुण सभेला नेलं होतं का?' असं त्यांनी विचारलं आणि कोर्ट हसलं. अर्ज फेटाळला गेला. माणूस खरंच आजारी होता हो, काविळीनं. पण अडीच महिने अंथरुणाला खिळलेला नव्हता. 'कावीळ झाली होती, तीन आठवडे तालुक्याच्या दवाखान्यात होतो, नंतर अशक्तपणा होता, नकलेचे पैसे जमायला महिना गेला' असं सरळ लिहिलं असतं तर माफ झालं असतं, असं मला आजही वाटतं. 'प्रदीर्घ', 'अपरिहार्य कारणास्तव', 'अनवधानाने' हे शब्द दिसले की समजावं, लिहिणाऱ्याकडे तारखा नाहीत किंवा त्यानं विचारल्या नाहीत.

तुमच्या अर्जात नेमकी हीच भोकं आहेत. वडिलांचा आजार २०१० ते २०१६ झाकतो. २००९ चं काय? त्याहून मोठं म्हणजे २०१६ ते २०२४ ही आठ वर्षं. समोरचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील : वडील गेल्यावर वारसनोंद लावायला तलाठ्याकडे गेला होता का? इतर गटांवर वारसनोंद लावून घेतली असेल, तर 'या गटाचं तेव्हा दिसलं नाही का?' हा प्रश्न टाळता येणार नाही. गेलाच नसाल, तर का नाही? 'जमीन चुलते कसत होते, दरवर्षी धान्याचा वाटा घरी येत होता, म्हणून कागद बघायची वेळ आली नाही' हे खरं असेल तर तेच लिहा. खेड्यात हे असंच चालतं, आणि वरच्या खुर्चीतल्या माणसालाही ते माहीत असतं. वाटा कोणत्या वर्षापर्यंत आला, कुणी आणून दिला, बंद कधी झाला, हे लिहा. शपथपत्रावर त्या गावातल्या एखाद्या तिऱ्हाइताची जोड मिळाली तर उत्तम. कोविडचा काळ मात्र ढाल म्हणून वापरू नका. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळला, पण तो ज्यांची मुदत त्या काळात संपत होती किंवा चालू होती त्यांच्यासाठी. तुम्हाला तर तेव्हा फेरफाराची माहितीच नव्हती, असं तुम्ही म्हणता. मग अडचण कोविडची कशी? दोन कारणं एकमेकांना खाऊन टाकतात.

इथवर तुमच्या उशिराचं झालं. पण कायद्यात प्रदीर्घ काळ नेहमीच कुणाच्या तरी विरुद्ध जातो असं नाही, तो हक्क उभाही करतो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंड, मालकाला नाकारून १२ वर्षं कब्जा ठेवला तर मालकाचा दावाच मुदतीबाहेर जातो. सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं. बांधावरून गाडीवाट २० वर्षं अखंड वापरली तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. तुमचे चुलते हे म्हणणारच. पण सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो, हे किमान १९५७ च्या लक्ष्मी रेड्डी निकालापासून पक्कं आहे. नुसती वर्षं साचून उपयोग नसतो. 'तुझा यात हिस्सा नाही' असं तुमच्या कानावर किंवा नजरेस उघडपणे पडलेलं असावं लागतं. म्हणून तो धान्याचा वाटा तुमच्या अर्जापुरताच नाही, मूळ हक्कासाठीही सोन्याचा आहे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण सगळ्यात निकडीची आहे. फेरफारानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती महसुलासाठीची नोंद आहे. प्रांतांकडे जिंकलात तरी मालकीचा प्रश्न उरतो, हरलात तरी उरतो. तो दिवाणी न्यायालयात वाटपाच्या दाव्यानं सुटतो. आणि दाव्याला विलंब माफी नाही. कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागतं, दाव्याला लागत नाही. तिथे मुदत गेली की गेली, कारण कितीही खरं असो.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून हिश्श्यासाठी १२ वर्षं आहेत. एवढं ऐकून निवांत बसू नका. २००९ चा फेरफार कशाच्या आधारावर झाला ते बघा. नुसत्या वर्दीवर, म्हणजे तलाठ्याला दिलेल्या खबरीवर, झाला असेल तर एक गोष्ट. पण पाठीमागे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल आणि ते खोटं किंवा फसवून घेतलेलं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर ते रद्द करून मागायला तीन वर्षं आहेत, ती हकीकत कळल्यापासून. ऑगस्ट २०२४ ला कळलं हे मान्य झालं तरी ऑगस्ट २०२७ ला ती संपतात. वडिलांनाच आधी कळलेलं होतं असं निघालं, तर त्यांच्या हयातीत सुरू झालेली मुदत त्यांच्या आजारानं थांबलेली नाही. एकदा चालू झाली की मागून आलेली असमर्थता तिला रोखत नाही (मुदत अधिनियम, कलम ९). प्रांतांकडे अपील चालू होतं म्हणून तो काळ वगळा, असं कलम १४ खाली म्हणता येतं, पण त्याच्या अटी कडक आहेत. भरवसा ठेवू नका. दोन्ही कामं समांतर चालवायची की नाही, हे तुमच्या वकिलांना याच आठवड्यात विचारा. आधी फेरफाराची नक्कल आणि त्याला जोडलेले कागद, मग दुय्यम निबंधकांकडे शोध, मग निर्णय.

उलट बाजूनंही एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिथे कायद्यानं मुदतच दिलेली नाही, तिथेही 'कधीही' चालत नाही. फेरतपासणीचा, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा आदेश वरच्यानं तपासून बदलण्याचा, अधिकार 'वाजवी मुदतीत' वापरायचा, हे पटेल राघव नाथा (१९६९) मध्ये ठरलं; तिथे आयुक्तांनी वर्षभरापेक्षा थोडा जास्त काळ घेतला तेवढाही उशीर ठरला. आपल्याकडच्या महसूल संहितेच्या कलम २५७ खाली १७ वर्षांनी सुरू केलेली फेरतपासणी सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली चुकीची ठरवली. त्यामुळे 'अपील फेटाळलं तर फेरतपासणीत बघू, तिला मुदत नाही' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तो चिडून विचारलाय, आणि चिडणं बरोबर आहे. विलंब माफ व्हावा म्हणून दिलेला अर्ज वर्षभर पडून असला तर त्याला विलंब म्हणत नाहीत, दिरंगाई तर मुळीच नाही. त्याला 'प्रलंबित' म्हणतात. म्हणजे लोंबकळत असलेलं. कुणी लोंबकळत ठेवलं, हे त्या शब्दात येतच नाही. तुमच्या उशिराला कर्ता असतो, शपथपत्र असतं, उलटतपास असतो. कचेरीच्या उशिराला फक्त पुढची तारीख असते.

तरी एक करता येतं. प्रकरणाचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, पाहून ठेवा : किती वेळा तहकूब झालं, कुणाच्या विनंतीवरून झालं, किती वेळा अधिकारी दौऱ्यावर होते. मग तारखांसह लवकर सुनावणीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ती पोच तुमच्या फाईलला लावून ठेवा. उद्या उच्च न्यायालयात जाऊन ठराविक मुदतीत निकाल देण्याचे निर्देश मागायची वेळ आली, तर पहिला कागद तोच लागतो. आणि त्याच दिवशी वकिलांना सांगून जादा शपथपत्र दाखल करा, 'प्रदीर्घ' हा शब्द काढून, २००९ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत वर्षवार. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिहिलंत तरी चालेल.